सोरोयाचं शीड घरच्या घरी: मासेमारीच्या एका ऑइल पेंटिंगची कॉपी, सुरुवातीपासून वार्निशपर्यंत

पहिल्यांदा हे चित्र कॉपी करायला घेतलं तेव्हा नुसत्या शिडावर मी टायटॅनियम व्हाइटची अख्खी ट्यूब संपवली, आणि शेवटी जे दिसलं ते शीड नव्हतंच, भिंतीला पुट्टी मारून ठेवलेला एक तुकडा होता. दुसऱ्या वेळी अर्ध्याहून कमी पांढरा लागला आणि शीड चक्क फुगलं. या दोन प्रयत्नांच्या मधे जवळजवळ सहा महिने गेले आणि त्यात जे काही समजलं ते सगळं इथे क्रमाने लिहून काढतोय. मी आर्ट स्कूलवाला नाही, नोकरी सांभाळून रविवारी रंगवणारा माणूस आहे, त्यामुळे भाषा पण तशीच राहणार.

चित्र कुठलं? होआकिन सोरोया या स्पॅनिश चित्रकाराचं १८९४ चं 'मासेमारीहून परत'. सध्या पॅरिसच्या ओर्से म्युझियममधे आहे. (आडनावात दोन 'एल' बघून आपल्याकडे लोक सोरोल्ला म्हणतात, मी पण वर्षभर तेच म्हणत होतो, पण स्पॅनिशमधे उच्चार सोरोया.) अडीच मीटरपेक्षा उंच आणि चार मीटर रुंद असा दांडगा कॅनव्हास. त्यात मासेमारीची होडी किनाऱ्याला लागतीये, शीड वाऱ्याने टम्म फुगलंय आणि बैलांची जोडी पाण्यात उतरून होडी वाळूकडे ओढतीये. बैल, पाणी, माणसं, लाकूड सगळं आहे, पण मालक शीडच.

चित्रकाराबद्दल थोडक्यात, कारण यातल्या एकदोन गोष्टी रंगवताना कामाला येतात. जन्म १८६३, वॅलेन्सिया. दोन वर्षांचा असताना कॉलऱ्यात आई-बाप दोघे गेले, मावशी आणि तिच्या नवऱ्याने वाढवला, आणि हे काका कुलुपं-किल्ल्या बनवणारे. शिकत असताना आंतोनियो गार्सिया पेरिस नावाच्या फोटोग्राफरच्या स्टुडिओत काम केलं, पुढे १८८८ मधे त्याच्याच मुलीशी, क्लोतील्देशी लग्न. हा फोटो स्टुडिओ लक्षात ठेवा, उजेड कुठून येतो आणि कशावर आपटून कुठे जातो हे बघायची सवय तिथे लागली असणार असं मला आपलं वाटतं. मग रोम, पॅरिस, माद्रिद. हे बैलांचं चित्र १८९५ च्या पॅरिस सलोनमधे (तिथलं मोठं वार्षिक चित्रप्रदर्शन) लागलं आणि फ्रेंच सरकारने विकतच घेऊन टाकलं. १९०९ ला न्यूयॉर्कमधे हिस्पॅनिक सोसायटीने (स्पॅनिश कलेचं तिथलं म्युझियम) त्याचं प्रदर्शन भरवलं तर महिनाभरात १ लाख ६० हजाराच्या आसपास माणूस येऊन गेला. १९२० मधे बागेत एक पोर्ट्रेट रंगवता रंगवता पक्षाघाताचा झटका आला, त्यानंतर ब्रश धरता आला नाही, १९२३ ला गेला. म्हणजे कॉपीराइटची भानगड नाही, बिनधास्त कॉपी करा, फक्त सही स्वतःची एकट्याची ठोकू नका, त्याबद्दल शेवटी सांगतो.

आणि बैल का? तर वॅलेन्सियाच्या काबान्याल भागातले मच्छीमार होड्या वाळूवर ओढून ठेवायचे, आणि ते काम बैलांचं. त्यांची मासेमारी पण जोडीचीच, दोन होड्या मिळून एक जाळं ओढत न्यायच्या, त्या पद्धतीला 'बोऊ' म्हणायचे, आणि तिकडच्या भाषेत बोऊ म्हणजे बैलच. या बैलांसाठी बांधलेला गोठा, कासा देल्स बोउस, काबान्यालमधे अजून उभा आहे.

रंग उघडायच्या आधी: आठवडाभर नुसतं बघा

ही पायरी सगळे गाळतात. मी पण गाळली होती, म्हणून पुट्टी झाली.

ओर्सेच्या वेबसाइटवरून किंवा जिथे चांगला मोठा फोटो मिळेल तिथून घ्या. व्हॉट्सॲपवर फिरून आलेला नको, त्यात शिडाच्या सावल्या धुवून गेलेल्या असतात. मग फोनच्या फोटो एडिटमधे सॅच्युरेशन शून्यावर आणा. आता रंग गेले, फक्त उजेड-काळोख उरला. डोळे बारीक करून बघा. चित्रात अगदी पांढरं म्हणावं असं नक्की किती आहे? अंदाज करा आणि मग त्याच्या निम्मं धरा.

६बी पेन्सिलने काडेपेटीपेक्षा थोडं मोठं स्केच काढा आणि त्यात तीनच टोन वापरा, गडद, मधला, फिकट. चौथा टोन नाही म्हणजे नाही. असे पाच-सहा करा. कंटाळा येतो, पण तिसऱ्या-चौथ्या स्केचला लक्षात येतं की शिडाचा मोठा हिस्सा 'मधला' टोनमधे टाकावा लागतोय आणि फिकट म्हणून राहतात ते फक्त काही पट्टे. माझं सगळं गणित इथेच चुकलेलं होतं.

चादरीचा प्रयोग

हे कुठल्या पुस्तकातलं नाही, आमच्या गच्चीवरचं आहे. सकाळी साडेनऊ-दहाला घरातली पांढरी चादर ओली करून दोरीवर टाका, खालची दोन टोकं क्लिपने अशी अडकवा की वाऱ्याने पोट सुटेल. झालं तुमचं शीड.

आता राखाडी रंगाचं एखादं कार्ड घ्या (मी बुटाच्या खोक्याचं झाकण घेतलं, आतली बाजू राखाडी असते) आणि पंचिंग मशीनने त्याला एक भोक पाडा. एक डोळा मिटून त्या भोकातून चादरीचा एकच तुकडा बघा, आजूबाजूचं काही दिसता कामा नये. उन्हातला तुकडा आधी बघा, तो पांढराच आहे पण किंचित पिवळसर. मग सावलीत गेलेला वरचा भाग. मी बघितलं तेव्हा मला खरंच वाटलं की चादरीला नीळ जास्त झालीये, इतका तो निळसर-जांभळट राखाडी दिसला, कारण त्या भागावर वरून फक्त आकाशाचा उजेड पडत होता. आणि खालची कड, जी आमच्या गच्चीच्या लाल कोब्याच्या जवळ होती, ती तर चक्क फिक्या गेरूची. सावलीतच, पण गरम. आता चादरीच्या मागे जाऊन उन्हाकडे तोंड करून बघा, कापडातून ऊन गाळून येतं तिथे आकाशकंदिलाच्या कागदासारखा आतून पेटल्यासारखा पिवळा दिसतो.

म्हणजे एका पांढऱ्या चादरीत चार रंग सापडले आणि त्यात नुसता पांढरा एकही नाही. हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका, सांगून पटत नाही. आई खालून ओरडत होती की चादर वाळली असेल तर घेऊन ये, मी तिथे बुटाच्या खोक्याचं झाकण डोळ्याला लावून उभा.

सामान

कॅनव्हास १२ बाय १८ इंच घ्या. का ते सांगतो. मूळ चित्र २६५ सेंटिमीटर बाय सुमारे ४०३, आणि १२ बाय १८ चं प्रमाण त्याच्या इतकं जवळ आहे की १८ इंच रुंदी धरली तर उंची ११.८ इंच येते, म्हणजे खाली जेमतेम साडेचार मिलिमीटरची पट्टी उरते. तेवढी वाळू वाढवा नाहीतर फ्रेममधे लपवा. कॅनव्हास बोर्ड चालेल, ताणलेला असेल तर बरा. पुठ्ठ्याचा स्वस्तातला बोर्ड पावसाळ्यात केळीच्या पानासारखा वळतो.

रंग नऊच: टायटॅनियम व्हाइट (मोठी ट्यूब), यलो ऑकर, कॅडमियम यलो, कॅडमियम ऑरेंज किंवा रेड, अलिझरिन क्रिमसन, बर्न्ट सायना, अल्ट्रामरीन, कोबाल्ट ब्लू, व्हिरिडियन. काळा नको, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सायना मिसळून जो गडद येतो तो जास्त जिवंत असतो आणि गरम-थंड दोन्हीकडे झुकवता येतो. सोरोयाच्या शेवटच्या वीस वर्षांतल्या चित्रांत जांभळे-नारिंगी जसे पेटलेले असतात तसं इथे नाही, १८९४ चा सोरोया त्यामानाने मातकट आहे, तेव्हा महागडा कोबाल्ट व्हायोलेट घ्यायला धावू नका. ट्यूबवर रंगाच्या नावापुढे 'ह्यू' लिहिलं असेल तर आत मूळ रंगद्रव्य नसून पर्याय आहे असं समजा. सरावाला ठीक आहे, पण कोबाल्ट ह्यू आणि खरा कोबाल्ट पांढऱ्यात मिसळल्यावर वेगळे वागतात. कॅमलचे आर्टिस्ट ग्रेड ऑइल कलर्स कुठल्याही बऱ्या दुकानात मिळतात, मी त्यावरच केलंय.

ब्रश हॉग हेअरचे (डुकराच्या राठ केसांचे), चपटे, ४, ८ आणि १२ नंबर, आणि एक फिल्बर्ट (चपटाच, पण टोकाला गोलसर) ६. चार नंबरच्या खालचे जे असतील ते कपाटात ठेवून किल्ली दुसऱ्याकडे द्या. सोरोया चार मीटरच्या कॅनव्हासवर अख्खा हात फिरवून रंगवत होता, त्याचा एक फटका आपण झिरो नंबरने घिरट्या घालत काढायला गेलो की चित्र मरतं.

तेल म्हणजे रिफाइन्ड लिनसीड, आर्टिस्ट मटेरियलमधलं. घाण्याचं जवसाचं तेल चटणीत छान, रंगात नको, वाळत नाही धड आणि पिवळं पडतं. टर्पेंटाइन किंवा वासाशिवायचा थिनर, दोन्ही खिडकी उघडी ठेवूनच. आणि एक गोष्ट खरंच गंभीरपणे घ्या. लिनसीड लागलेले फडके चुरगळून डब्यात किंवा कचऱ्याच्या पिशवीत कोंबू नका, ते वाळताना आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. उलगडून बाहेर मोकळ्यावर वाळत घाला, नाहीतर पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

चौकटी आणि वशिंडाची गोष्ट

फोटो ए-फोर कागदावर २७ सेंटिमीटर रुंद येईल असा प्रिंट काढा. त्यावर साडेचार सेंटिमीटरच्या चौकटी आखा, आडव्या सहा येतील, उभ्या चार (शेवटची ओळ जराशी आखूड). कॅनव्हासवर ३ इंचाच्या चौकटी, सहा गुणिले चार. आता एकेक चौकट बघून रेघा उतरवा. पेन्सिलपेक्षा पातळ केलेल्या बर्न्ट सायनाने आणि ब्रशने काढा, चूक झाली की टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसता येते.

क्रम असा ठेवा: आधी शिडाची बाहेरची मोठी वक्र रेघ आणि ते ज्या तिरक्या काठीला बांधलंय ती काठी, मग होडीचा तळ, मग बैलांच्या जोडीचा मिळून एकच आकार, सगळ्यात शेवटी माणसं. हे त्रिकोणी शीड आहे, लॅटिन शीड म्हणतात, आपल्या कोकणातल्या जुन्या होड्यांनाही याच जातीचं तिरक्या काठीवरचं शीड असायचं, त्यामुळे आपल्या हाताला ते परकं वाटत नाही.

बैल मात्र परके आहेत! माझ्या पहिल्या कॉपीत सगळं झाल्यावर काहीतरी खटकत होतं आणि दोन दिवस कळेना काय. मग मित्र येऊन म्हणाला अरे हे स्पेनचे बैल ना, यांना वशिंड कुठून आलं. युरोपातल्या बैलांना वशिंड नसतं, पाठीची रेघ मानेपासून शेपटीपर्यंत बरीचशी सपाट जाते, गळ्याखालची पोळी पण आपल्या बैलांइतकी लोंबत नाही, आणि मी फोटो समोर ठेवून, चौकटी आखून, तरीही हाताच्या सवयीने पोळ्याला रंगवतो तसला खिल्लार काढून बसलो होतो. पांढऱ्या शिडाचंही तेच झालेलं. बैलांची चौकट काढताना प्रिंट उलटा धरा, कॅनव्हास पण उलटा, म्हणजे डोक्यातला बैल मधे येत नाही.

खालचा टोन

पांढऱ्याशुभ्र कॅनव्हासवर फिकट रंगांचा अंदाज येतच नाही, सगळंच गडद वाटतं. म्हणून रेघा वाळल्यावर बर्न्ट सायना आणि चिमूटभर अल्ट्रामरीन भरपूर टर्पेंटाइनमधे पातळ करून सगळीकडे फासा आणि फडक्याने पुसून घ्या. चहाचा डाग पडून वाळल्यावर दिसतो तेवढाच राहू दे. दोन दिवस वाळू द्या. घाई असेल तर आधीच्या रेघा आणि हा थर, दोन्ही ॲक्रिलिकने द्या, ॲक्रिलिकवर ऑइल चालतं, उलटं कधीच नाही.

मोठे तुकडे भरणं

पहिल्या बैठकीत एकही गोष्ट 'काढायची' नाही, फक्त तुकडे भरायचे. रंग टर्पेंटाइनने सैल केलेला, तेल जवळजवळ नाही. सुरुवात सगळ्यात गडदपासून: होडीच्या तळाखालची सावली, बैलांच्या पोटाखालचा भाग, माणसांच्या कपड्यातले गडद. हे अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सायनाने. मग समुद्राचा एक सरासरी निळा-हिरवा, वाळू-पाणी मिसळलेल्या भागाचा एक सरासरी मातकट, आणि शिडाला पूर्ण, हो पूर्ण शिडाला, त्याचा सावलीचा टोन (पुढे 'शीड'मधे सांगितलेला पहिला ढीग). शिडात या दिवशी उजेड टाकायचाच नाही.

लांब जाऊन बघा. खोली लहान असेल तर आरशात बघा, अंतर दुप्पट होतं आणि उलटं दिसल्यामुळे चुका पण ओरडतात. पुन्हा फोनवर काळा-पांढरा फोटो काढून मूळच्या शेजारी लावा. दोन्हीकडची गडद ठिकाणं जुळतायत का बघा, रंग जुळले नाहीत तरी चालतं, टोन जुळला पाहिजे.

शीड

या पायरीला पूर्ण रविवार द्या, आणि मोबाइल बाजूला ठेवून.

पॅलेटवर चार ढीग करा. माप आमच्या घरचं आहे, शेंगदाणा आणि मोहरीचं. पहिला ढीग सावलीचा: तीन शेंगदाण्यांएवढा पांढरा, एका तांदळाच्या दाण्याएवढा अल्ट्रामरीन, तेवढाच बर्न्ट सायना, आणि मोहरीहून कमी अलिझरिन. हा राखाडी किंचित जांभळट दिसायला हवा. पॅलेटवर तो भयंकर गडद वाटेल, घाबरू नका, शिडावर गेला की पांढऱ्या कापडाची सावलीच दिसतो. दुसरा ढीग खालून परत आलेल्या उजेडाचा: पहिल्यातलाच थोडा उचलून त्यात यलो ऑकर आणि अगदी कणभर ऑरेंज, टोन तोच ठेवून रंग फक्त गरम करायचा. तिसरा मधला: पांढरा, थोडा ऑकर आणि ब्रशच्या टोकाला लागेल एवढाच निळा. चौथा उन्हाचा: पांढरा आणि मोहरीएवढा कॅडमियम यलो, बस. हा चौथा ढीग कागदाखाली झाकून ठेवा. खरंच झाका, नाहीतर हात तिकडेच जातो.

१२ नंबरच्या चपट्या ब्रशने पहिला ढीग, कापड ज्या दिशेने ताणलंय त्याच दिशेने. शिडाचा फुगा कळतो तो बाहेरच्या रेघेमुळे नाही, ब्रशच्या फटक्याच्या दिशेमुळे, पोटावर फटके वळत जायला हवेत, जशी भाकरी थापताना बोटं वळतात. मग दुसरा ढीग खालच्या भागात आणि घडीच्या आत, जिथे पाणी आणि वाळूवरून उजेड उडून येतो. पहिला-दुसरा जिथे भेटतात तिथे कोरड्या ब्रशने एकदाच हलका हात फिरवा, दोनदा फिरवला की चिखल. तिसरा ढीग घडीच्या कडांवर. शिवणी, दोऱ्या, डाग यांच्या मागे लागू नका.

आता चहा प्या. परत येऊन चौथा ढीग उघडा, मोठ्या ब्रशवर जाड घ्या आणि जिथे मूळ चित्रात सर्वात फिकट दिसतंय तिथे ठेवा. लावू नका, ठेवा आणि ब्रश उचला. आठ-दहा फटके पुरतात. दुसऱ्या वेळी मी नववा फटका ठेवला आणि मागे सरकलो तेव्हा वारा आला शिडात, मी मोठ्याने "आलं!" म्हणालो आणि बायको आतून म्हणाली कुरिअर आलं का.

पाणी, बैल, माणसं

पाण्याचं एकच सांगतो, किनाऱ्यालगतचं उथळ पाणी निळं नसतं, खालची वाळू त्यातून दिसत असते. दूरचं गडद आणि निळं-हिरवं, जवळ येत जाईल तसा ऑकर मिसळत जा. मोडणाऱ्या लाटेच्या पोटात, जिथे पाणी पातळ होऊन उजेड आरपार येतो, तिथे व्हिरिडियन आणि कॅडमियम यलोचा एखादा स्वच्छ फटका. फेस पण शिडासारखाच, सावलीतला फेस निळसर राखाडी, उन्हातला पिवळसर पांढरा, आणि सगळीकडे फेस मारत सुटलात तर शिडाचं महत्त्व गेलं. प्रतिबिंबांचा नियम सोपा आहे: फिकट गोष्टीचं प्रतिबिंब तिच्याहून जरा गडद, गडद गोष्टीचं जरा फिकट. आधी उभं खाली ओढा, मग एक-दोन आडवे फटके मारून मोडा.

बैलांना पाठीवर आकाशाचा थंड उजेड आणि पोटाखाली पाण्यावरून आलेला गरम उजेड, म्हणजे चादरीचंच तत्त्व. ओल्या कातडीवरची चमक निळसर ठेवा. डोळे काढू नका, डोळ्याच्या खाचेची सावली ठेवा, बैल आपोआप बघायला लागतो. माणसांचं पण तसंच, चेहरा म्हणजे उजेडाची एक बाजू आणि सावलीची एक बाजू, बास. यापेक्षा जास्त १८ इंचात मावत नाही.

दुसऱ्या थरापासून रंगात थोडं लिनसीड घालायला हरकत नाही, पण वरचा थर खालच्यापेक्षा कायम जास्त तेलकट हवा. उलट झालं तर वरचा आधी वाळतो, खालचा नंतर हलतो आणि भेगा पडतात.

आणि हे सगळं शक्यतो दिवाळीनंतर सुरू करा. जुलैत मी घेतलेला कॅनव्हास तीन आठवडे चिकट होता आणि मागच्या बाजूला बुरशीचे ठिपके आले ते वेगळंच. कपाटात बंद करून ठेवलेलं ऑइल पेंटिंग पिवळट पडतं, उजेडाच्या खोलीत ठेवलं की बरंचसं परत येतं, फक्त थेट उन्हात नको.

मग आपल्या किनाऱ्यावर

कॉपी झाली की आपला विषय शोधायचा असेल तर हर्णै बंदरावर जा. तिथे अजून बैलगाड्या पाण्यात घालून होड्यांमधली मासळी किनाऱ्यावर आणतात आणि वाळूवरच लिलाव लागतो. वॅलेन्सियाचे बैल होडी ओढायचे, हर्णैचे मासळी ओढतात, पण बैल पाण्यात गुडघाभर उभा, पोटावर लाटेचा उजेड, हे तेच.

फक्त एक मोठा फरक आहे आणि तो माझ्या लक्षात यायला दोन ट्रिपा वाया गेल्या. वॅलेन्सियाचा समुद्र पूर्वेला आहे. म्हणजे दुपारनंतर तिथे समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं की सूर्य पाठीशी किंवा बाजूला असतो, होड्या, शिडं, माणसं उन्हात न्हालेली दिसतात. आपला समुद्र पश्चिमेला. हर्णैला संध्याकाळी समुद्राकडे बघाल तर सूर्य थेट डोळ्यात आणि सगळ्या होड्या काळ्या सावल्या, मागे पाणी चांदीसारखं. सुंदर असतं, पण ते सोरोयाचं ऊन नव्हे. त्याच्यासारखा समोरून पडणारा उजेड हवा असेल तर सकाळी सात ते नऊ. आणि एप्रिल-मेमधे दुपारी बाराला आपल्याकडे सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो, सावल्या पायाखाली गोळा होतात, तेव्हा गपचूप सोलकढी प्यावी.

सोबत पोस्टकार्डाएवढे प्राइम केलेले (आधी बेसचा थर दिलेले) पुठ्ठे न्या आणि प्रत्येकाला वीस मिनिटांचा टायमर लावा. सोरोयाने असे लहान लहान ऑइलचे नमुने शेकड्याने केलेत, नुसती रंगांची टिपणं. लिलावात मधे उभे राहू नका, मासळी विकणाऱ्या मावशी पहिल्यांदा प्रेमाने बाजूला हो म्हणतात, दुसऱ्यांदा नाही. फोटो काढायच्या आधी विचारा. छत्रीचा दांडा वाळूत एक फूट गाडा, वाऱ्याने माझा एक पुठ्ठा थेट बांगड्यांच्या टोपलीत जाऊन पडला, रंगाच्या बाजूने.

अमेरिकेत न्यूयॉर्क-जर्सीकडे असाल तर अप्पर मॅनहॅटनमधल्या हिस्पॅनिक सोसायटीचा पत्ता काढा, तिथे बैल आणि होडीचंच त्याचं १९०३ चं आणखी मोठं चित्र आहे, 'दुपारचं ऊन'. नऊ वर्षांत त्याचा पांढरा किती बदलला हे दोन्ही फोटो शेजारी ठेवूनही कळतं.

शेवटची कामं

चित्र हाताला कोरडं लागलं म्हणजे वाळलं असं नाही. आतला जाड रंग वाळायला सहा महिने ते वर्ष धरा, तोपर्यंत फायनल वार्निश लावू नका. शिडावरचे ते जाड फटके सगळ्यात शेवटी वाळतात, नख हलकं टेकवून दबतंय का बघा, कडेला, मधे नाही.

सही करायची ती अशी: कॅनव्हासच्या मागे, बॉलपेनने नाही तर पातळ रंगाने किंवा मऊ पेन्सिलने, "होआकिन सोरोया, मासेमारीहून परत, १८९४, यावरून", खाली आपलं नाव, तारीख, आणि वापरलेल्या रंगांची यादी. पुढे कधी एखादा कोपरा दुरुस्त करायचा झाला तर ती यादी सोन्याची. माझ्या दुसऱ्या कॉपीच्या मागे हे सगळं आहे. पहिलीच्या मागे फक्त "वशिंड!!" असं लिहिलंय आणि ती सध्या माळ्यावर आहे.